शिडी धरायला माणूस हवा

आपल्या लहानपणीच्या घरांना खिडक्या होत्या, पण काचा फारशा नव्हत्या. लाकडी झडपा, मध्ये लोखंडी गज, आणि हौशी माणसाचे घर असेल तर वर रंगीत काचेचा एखादा तुकडा. ओला फडका फिरवला की काम संपायचे. आता पारनेरसारख्या तालुक्याच्या गावातही नवे घर बांधले की ॲल्युमिनियम सेक्शनच्या स्लायडिंग खिडक्या आल्याच. जिन्यासमोर दोन मजले उंच काच, गॅलरीला काच, दुकानाला समोरून अखंड काच. नगर-पुणे रस्त्यावर सुप्याची औद्योगिक वसाहत वाढली तशी त्या बाजूला कार्यालये, शोरूम, हॉटेले वाढली. त्यांचेही दर्शनी भाग काचेचेच. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. वर्षातले निम्म्याहून जास्त महिने हवेत धूळ. घरातली बाई आतून, हात पोचेल तिथपर्यंत पुसते. बाहेरची बाजू, वरचा मजला आणि स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये बसलेली माती वर्षानुवर्षे तशीच राहते.

त्यातून एक छोटा धंदा उभा राहिला आहे. मोटारसायकल, शिडी, दोन बादल्या, रबरी वायपर, ब्रश आणि कोरडी फडकी एवढ्या सामानावर तो सुरू होतो. रबरी पट्टीचा हा वायपर आज सगळ्या जगात ज्या रूपात वापरतात, त्याचे पेटंट एत्तोरे स्तेकोने या अमेरिकेत गेलेल्या इटालियन काच पुसणाऱ्याने १९३६ मध्ये घेतले. तोही हाताने काम करणारा साधा माणूसच होता. आपल्यातली काही मुले आखातात हेच काम शिकून येतात. दुबईचा बुर्ज खलिफा २०१० च्या जानेवारीत उघडला. त्याच्या चोवीस हजारांहून जास्त काचा एकदा पुसून काढायला सुमारे तीन महिने लागतात असे सांगतात. तिथे दोरावर लोंबकळलेल्या मुलाला पारनेरच्या दोन मजली बंगल्याची काय भीती?

हा धंदा कसा सुरू करावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला लिहायचे आहे ते त्या दिवसाबद्दल, ज्या दिवशी एकट्याचे काम एकट्याला आवरेनासे होते आणि दुसरा माणूस ठेवावा लागतो. काच पुसणारा असो, सुतार असो, मंडपवाला असो की शिवणकाम करणारी बहीण असो, आपल्या घरांतले बहुतेक छोटे धंदे याच ठिकाणी अडखळतात. नाती तुटतात तीही इथेच.

माझा एक जुना विद्यार्थी हे काम करतो. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा, शुद्धलेखनाशी त्याचे कायमचे वैर होते, पण फळा पुसायला सांगितला तर कोपरे सोडत नसे. आखातात चार वर्षे काढून तो परत आला आणि पारनेर-सुपा भागात काचा पुसण्याची कामे घेऊ लागला. पहिले वर्ष एकट्याने काढले. एकट्याने काम करणाऱ्याची मोठी अडचण म्हणजे शिडी धरायला कोणी नसते. मग घरमालकाच्या मुलाला हाक मारायची, नाहीतर शिडीच्या पायाशी विटा लावायच्या आणि अल्लाहचे नाव घेऊन चढायचे. मोठी स्लायडिंग काच ट्रॅकमधून उचलून बाहेर काढणेही एका माणसाचे काम नव्हे.

त्याने मदतनीस ठेवला, तो खालाचा मुलगा. आपल्याकडे यापेक्षा वेगळे काय होणार! खाला म्हणाली, "घरी बसून मोबाईल बघतोय, घेऊन जा त्याला तुझ्याबरोबर." मजुरी किती, हे कोणी विचारले नाही. आपल्याच माणसांत पैशाचे काय बोलायचे? याला वाटले, सध्या खर्चाला देऊ, ईदला एकरकमी चांगले देऊ. मुलाला वाटले, भावाचा धंदा म्हणजे आपलाही थोडा वाटा. खालाच्या मनात महिन्याचा काहीतरी आकडा होता, तो तिने कोणालाच सांगितला नव्हता. पाच महिने हे तीन हिशेब तीन डोक्यांत चालू राहिले. मग एका घरी मुलाच्या हातून जिन्याची काच तडकली. काचेचे पैसे याने भरले आणि ईदला रक्कम देताना त्यातून कापून घेतले. त्या संध्याकाळी खाला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखे नाही. दोन घरांचे येणे-जाणे बंद झाले ते आजही पूर्ववत झालेले नाही. पुढे याच्या घरी लग्न झाले, तेव्हाही खालाच्या घरचे कोणी आले नाही.

यात कोणी बेईमान नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. मुलगा मेहनती होता, हा देणारा होता. फक्त ठरलेले काहीच नव्हते.

घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही शिकवण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कितीतरी दुकानांत ती फ्रेम करून लावलेली दिसते. पण मजुरी किती, हे सांगितल्याशिवाय मजुराला कामाला लावू नये, अशीही शिकवण हदीसच्या ग्रंथांत आहे. ती फ्रेम मी अजून कुठे पाहिलेली नाही. पहिली पाळायला पैसे लागतात. दुसरी पाळायला तोंड उघडावे लागते, आणि नात्यात ते जास्त जड जाते.

सूरह अल-कससमधली हजरत मूसा (अ.) यांची हकिकत मी मुलांना शिकवते, तेव्हा एक गोष्ट दरवेळी सांगते. मिसर सोडून मूसा (अ.) मदयनला पोचले तेव्हा तिथे त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. पाणवठ्यावर गर्दी होती आणि दोन मुली आपली जनावरे घेऊन बाजूला थांबल्या होत्या. मूसांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजून दिले आणि सावलीत जाऊन बसले. पुढे त्यांतल्याच एका मुलीने वडिलांना सुचवले, की यांना कामावर ठेवा. माणूस ताकदीचाही असावा आणि विश्वासाचाही. तिने नाते पाहिले नाही, काम पाहिले होते. वडिलांनी लगेच मुदत सांगितली, आठ वर्षे, आणि दहा पूर्ण केलीस तर ती तुझी मर्जी. तुला त्रासात टाकायची माझी इच्छा नाही, हेही मोकळेपणाने सांगितले. मूसांनी मान्यता दिली आणि दोघांनी अल्लाहला साक्षी ठेवले. माणूस कामावर ठेवण्याची सगळी रीत एवढ्या छोट्या प्रसंगात आहे: आधी काम करताना पाहणे, मग अटी बोलणे, मग दोघांनी कबूल करणे.

माझ्या विद्यार्थ्याने दुसरा माणूस ठेवताना हेच केले, फक्त त्याच्या पद्धतीने. त्याने तीन मुलांना एकेक दिवस कामावर नेले आणि त्या दिवसाची पूर्ण मजुरी तिघांनाही दिली. चाचणीचा दिवस फुकट राबवून घेणे हा आपल्याकडचा वाईट रिवाज आहे. "बघू, जमलं तर ठेवतो" म्हणत आठवडाभर काम करवून घेणारे मला माहीत आहेत. मी त्याला विचारले, एका दिवसात काय कळते? तो म्हणाला, "आपा, काच पुसायला मी आठ दिवसांत शिकवतो. मी बघतो की चप्पल कुठे काढतो, आणि मी शिडीवर असताना मोबाईल काढतो का."

एकाने दिवसात चार वेळा मोबाईल काढला. दुसरा कामात चलाख होता, पण घरमालकिणीने पाणी आणून दिले तेव्हा तिच्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत गेला. तिसरा शेजारच्या गावातला मराठा शेतकरी कुटुंबातला मुलगा, वय एकवीस. त्याने एकदाही शिडीवरचा हात सोडला नाही. काम झाल्यावर खिडकीखालची फरशी न सांगता कोरडी केली. त्यालाच ठेवले. मोहल्ल्यात कुजबुज झालीच, आपली मुले रिकामी असताना बाहेरचा कशाला म्हणून. मला त्यात गैर काही वाटत नाही. मदयनच्या त्या घरालाही मूसा बाहेरचेच होते.

स्वयंपाकघराची गोष्ट मी सहज लिहिलेली नाही. काचा पुसायची माणसे घरी येतात ती सकाळी दहा-अकराला. त्या वेळी घरात बहुतेक बायकाच असतात. माझ्या घरी काम करायला आलेल्या माणसाने आतल्या खोलीत शिरताना दार वाजवले, की न विचारता पडदा बाजूला सारला, यावर मी त्याला पुन्हा बोलवायचे की नाही ते ठरवते. काच किती चकचकीत झाली हे मी नंतर पाहते. मालक स्वतः कितीही सभ्य असला तरी त्याचा मदतनीस कसा वागतो, त्यावरच त्याचे नाव ठरते. माझ्या विद्यार्थ्याचे नियम साधे आहेत. खोलीत जाण्याआधी घरच्या बाईला सांगायचे, तिने हो म्हटल्यावरच जायचे. खिडकीच्या कट्ट्यावरच्या वस्तू घरच्यांना उचलायला सांगायच्या, आपण हात लावायचा नाही. घरात कोणाचाही फोटो काढायचा नाही, काचेचा "आधी आणि नंतर" असा फोटोही विचारल्याशिवाय नाही. काही घरांत तो आपल्या बायकोलाही बरोबर नेतो. आतल्या बाजूच्या काचा ती पुसते आणि त्या दिवसाची मजुरी तिच्या हातात वेगळी देतो. हे ऐकून मला सर्वांत जास्त आनंद झाला. आपल्या घरांत बायकोची मदत हिशेबात धरायची पद्धतच नाही.

आता पैशाचे. चांगल्या दिवसाच्या कमाईवरून माणूस ठेवला की फसगत होते. समजा, एकटा दिवसाला बाराशे रुपयांचे काम करतो आणि मदतनीस आल्यावर दोन हजारांचे होते. पाचशे रुपये रोज दिला तरी तीनशे वाढले, असे वाटते. पण हा दसरा-दिवाळीचा हिशेब झाला. त्या वीस दिवसांत फोन थांबत नाही, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतही नाही. आपली मुले सर्वांत जास्त कमावतात ती दिवाळीच्या साफसफाईत, ही आपल्या गावांची गंमतच आहे. मग पावसाळ्यात काय? पाऊस पडेल म्हणून कोणी काचा पुसून घेत नाही. माणूस महिन्यावर ठेवला असेल तर त्या दिवसांचा पगारही द्यावा लागतो, आणि रोजंदारीवर ठेवला असेल तर महिन्यातले किमान किती दिवस काम देणार, हे सांगावे लागते. म्हणून सहा महिन्यांची वही आधी काढून बघावी. त्याने महिन्याला किमान वीस दिवसांची हमी दिली आहे. रिकाम्या दिवसांसाठी दुसरे काम शोधले, ते घरांवरच्या आणि शेतातल्या सौर पॅनेलवरची धूळ धुण्याचे. शेतीच्या विजेसाठी सौर कृषी वाहिनीचा प्रयोग ज्या राळेगणसिद्धीत आधी झाला, ते गाव आमच्याच तालुक्यातले. पॅनेल इथे आता नवलाईचे राहिलेले नाहीत.

कायद्याचे कागद पाहून पुष्कळ जण घाबरतात. मोजकीच माणसे असतील तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देणे पुरते. मजुरी मात्र सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा कमी चालत नाही. त्यातला महागाईचा भाग वर्षातून दोनदा बदलतो, म्हणून कामगार खात्याच्या कार्यालयात चालू दर विचारून घ्यावा. कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हे आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. "तो स्वतःच्या चुकीने पडला" म्हटले की मालक सुटला, असे कोणी समजू नये.

पडण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण काच फुटली तर दुसरी येते. सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगीच नव्हेत. या पठारावर वारा आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर तो इतका वाढतो की उंच शिडीवर ओला फडका हातात धरवत नाही. उंचीवरचे काम सकाळीच उरकावे. काचेलाही तेच मानवते, उन्हात पाणी लगेच सुकते आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग राहतात. शिडी भिंतीला टेकवताना चार फूट उंचीला एक फूट या मापाने पाय बाहेर ठेवावा, म्हणजे बारा फुटांवर टेकणाऱ्या शिडीचा पाय भिंतीपासून तीन फूट. ओल्या गुळगुळीत फरशीवर शिडीखाली रबर किंवा पोते हवेच. वरच्या मजल्याच्या खिडकीजवळून विजेची तार जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी तिथे लावूच नये, ग्राहक कितीही आग्रह करो. मुख्य म्हणजे एक वर असताना दुसऱ्याने खाली शिडी धरून उभे राहायचे. त्या वेळात त्याने बादली भरून आणली असती तर काम लवकर झाले असते, हा विचार मालकाच्या डोक्यात येतो. तिथेच माणसे पडतात. आपल्या हाताखालच्यावर झेपणार नाही असे काम टाकू नका, आणि टाकलेत तर स्वतः हात लावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. माझा विद्यार्थी त्याचा अर्थ असा लावतो, की सर्वांत उंच काच मालकाने पुसायची आणि शिडी मदतनिसाने धरायची.

त्याने मदतनिसाचे बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे खाते जोडून घेतले आहे. वर्षाला २० रुपये हप्ता, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये. ते वीस रुपये मालक देतो. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रममध्येही नाव घातले आहे. विम्याबद्दल आपल्यात वेगवेगळी मते आहेत, हे मला ठाऊक आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावे. पण विमा नको असेल तर प्रत्येक कामामागे पन्नास रुपये वेगळ्या डब्यात टाकावेत आणि त्या डब्याला हात लावू नये. दोन्हीपैकी काहीच न करता "अल्लाह मालिक आहे" म्हणून मुलाला दुसऱ्या मजल्यावर चढवणे मला मान्य नाही.

शिक्षिका म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या वर्गातल्या काही जागा रिकाम्या दिसतात. विचारले की कळते, मुलगा कुणाबरोबर तरी "हाताखाली" गेला आहे. आधी सुट्टीपुरता, मग आठवड्यातून दोन दिवस, मग शाळा संपलीच. चौदा वर्षांखालील मुलाला मजुरीवर ठेवणे हा गुन्हा आहे, आणि चौदा ते अठरा या वयात धोक्याच्या कामांना बंदी आहे. शाळा सुटल्यावर स्वतःच्या कुटुंबाच्या कामात हातभार लावणे वेगळे, मोहल्ल्यातल्या चाचाने दिवसभर शिडी धरायला नेणे वेगळे. घरच्यांना त्या दिवसाचे दोनशे रुपये दिसतात. आठवीतला मुलगा स्वस्त पडतो, उलट बोलत नाही, हेच त्याला नेणाऱ्याचे गणित असते. असा चाचा तुमच्या दारात काचा पुसायला आला तर मुलाचे वय विचारा आणि अठराच्या आतला असेल तर काम देऊ नका. भिडेने गप्प बसू नका.

माझ्या विद्यार्थ्याने मदतनिसाबरोबर केलेला कागद मी पाहिला. वहीचे एकच पान आहे, मराठीत, शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुकांसह. दुरुस्त करायचा मोह मी आवरला. रोज किती आणि महिन्यातले किमान वीस दिवस. पैसे दर शनिवारी संध्याकाळी. उचल घेतली तर तिथल्या तिथे वहीत नोंद आणि दोघांची सही. जुम्याच्या दिवशी मालक नमाजला गेला की मदतनिसाची जेवणाची सुट्टी. रमजानमध्ये काम सहरीनंतर लवकर सुरू आणि दुपारी बारापर्यंत बंद. मालकाचे रोजे आहेत म्हणून मदतनिसाने उपाशी राहायचे नाही, त्याचा डबा त्याने खायचा. चुकून काच फुटली तर भरपाई मालकाची. मोबाईलवर बोलताना फुटली तर निम्मी निम्मी. ते शेवटचे कलम मदतनिसानेच घालायला सांगितले म्हणे.

एक गोष्ट त्यांनी लिहिलेली नाही. हा मुलगा उद्या काम शिकून स्वतःची शिडी घेईल आणि यांचीच गिऱ्हाइके तोडेल, त्याचे काय? मी विचारले तेव्हा विद्यार्थी हसला. "घेऊ दे ना आपा. पारनेर मला, सुपा त्याला. मी पण आखातात कुणाच्या तरी हाताखालीच शिकलो." मला स्वतःला हे इतके सोपे वाटत नाही. गिऱ्हाईक वाटून घेणे दोन सख्ख्या भावांनाही जमत नाही, तिथे हे दोघे काय करतील ते दिसेलच.

सध्या त्यांच्यात चर्चा चालू आहे ती बोनसची. ईदला द्यायचा की दिवाळीला? मालकाची सवय ईदची, मदतनिसाच्या घरी गरज दिवाळीला, आणि दिवाळीतच काम इतके की दोघांना जेवायला फुरसत नसते. शेवटी ठरले ते असे, की बोनस वसुबारसेच्या आधी द्यायचा आणि पाडवा व भाऊबीज हे दोन दिवस काम पूर्ण बंद ठेवायचे. या दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी पारनेरमध्ये कुणाला काचा पुसून हव्या असतील तर त्यांनी आदल्या आठवड्यातच फोन करावा.